आसन क्रमांक चार, एकवीस डिसेंबरपर्यंत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक साहेब,
एस. टी. आगार, ता. मुरबाड, जि. ठाणे

विषय : धसई–कल्याण पहिल्या गाडीतील आसन क्र. ४ दि. २१ डिसेंबर २००३ पर्यंत राखू देणेबाबत.

संदर्भ : विनाकारण जागा अडवल्याबद्दल खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

मी मुकेश रामा उबाळे, रा. धसई, मुरबाडच्या कारखान्यात हेल्पर आहे. मी रोज सकाळी खिडकीतून रुमाल टाकून आसन क्र. ४ अडवतो आणि स्वतः उभा राहतो, हे तक्रारीतील म्हणणे खरे आहे. 'विनाकारण' हा शब्द मात्र मान्य नाही.

१. सदर आसन माझी पत्नी संघरत्ना हिचे आहे. ती कल्याणला हिशेबनिसाच्या कचेरीत नोकरीला होती आणि वित्तीय विश्लेषकाची परीक्षा देत होती. बाकी विषय सुटले होते, 'समभाग गुंतवणूक' हा एकच पेपर राहिला होता. ऑगस्टमध्ये ती काविळीने वारली. तिचे प्रवेशपत्र दिवाळीनंतर टपालाने आले. पेपर २१ डिसेंबरला आहे.

२. घरी स्वयंपाक, मूल, म्हैस यांतून अभ्यास होत नसे, म्हणून तो गाडीत होई. रुमाल मी टाकायचा, बसायचे तिने. मी शेजारी उभा राहून पुस्तकातला प्रश्न वाचायचा, तिने उत्तर द्यायचे. मी आठवी पास, मला त्यातले ओ की ठो कळत नसे. चुकीच्या जागी थांबलो की ती हसायची.

३. एक गोष्ट मात्र कळली. कंपनी मोडली तर आधी कामगारांचे, बँकेचे, कर्जरोखेवाल्यांचे द्यायचे, आणि सगळ्यांचे देऊन काही उरलेच तर ते समभागधारकाचे. मी विचारले, एवढ्या शेवटी उभा राहणारा वेडा कोण? ती म्हणाली, "अवो, तोच तर मालक!" साहेब, तिचे दागिने माहेरी गेले. एक सोडून सारी पुस्तके कचेरीतल्या मुलींनी मागितली, ती दिली. आमची अनिता लहान आहे, ती आजोळी नेली. सर्वांचे देऊन माझ्याकडे जे उरले आहे ते धसई ते मुरबाड एवढेच आहे.

४. महामंडळाचे नुकसान होऊ नये म्हणून मी दोन तिकिटे काढतो. तिचे कल्याणपर्यंतचे काढतो, कारण ती मुरबाडला उतरत नसे. मी उतरताना रुमाल उचलतो. पुढे तिथे कोण बसते ते मी पाहत नाही. वाहक श्री. साईनाथ घुडे यांना जबाबदार धरू नये. पहिल्या दिवशी त्यांनी दुसरे तिकीट द्यायला नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी मी हात पुढे करण्याआधीच त्यांनी दोन पंच केली.

५. मी रिकाम्या आसनाशी बोलतो, असेही तक्रारीत आहे. मी बोलत नाही, प्रश्न वाचतो. तिला उत्तराला जेवढा वेळ लागे तेवढा थांबतो आणि पुढचा वाचतो. आवाज आणखी कमी करण्यास तयार आहे. पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणे राहिली आहेत आणि ती तिला कठीण जात.

६. तक्रारीवर अंगठा येसूबाईंचा आहे. त्या वाटेत भाजीची पाटी घेऊन चढतात. "तू उभा नि रुमाल बसलाय, असा कुठं असतंय का रे? माझे गुडघे नाय का दुखत?" असे त्या मला म्हणाल्या, ते रास्तच आहे. घुडे यांनी त्यांना सगळे सांगितल्यावर त्या पाटीला टेकून खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "बसू दे तिला. पेपर होऊ दे." तक्रार मागे घेते म्हणाल्या. मीच नको म्हटले, कारण त्यांचे गुडघे खरेच दुखतात.

७. सदर आसनावर 'महिलांसाठी राखीव' असे लिहिलेले आहे. ते महिलेसाठीच राखले जात आहे, याचीही कृपया नोंद व्हावी.

साहेब, ती नाही हे मला समजते. तिला अग्नी मीच दिला. पण तिने एवढा अभ्यास केला, तो पेपरच्या आधी मध्येच कसा सोडू? दि. २१ रोजी रविवार आहे, कारखाना बंद असतो. त्या दिवशी मी मुरबाडला उतरणार नाही. तिला कल्याणपर्यंत पोहोचवीन. तिथे रुमाल उचलीन, आणि दुसऱ्या दिवसापासून आसन क्र. ४ वर येसूबाईंनी बसावे. तोपर्यंत मुभा मिळावी, एवढेच मागणे आहे.

आपला नम्र प्रवासी,
(सही)
मुकेश रामा उबाळे
धसई, दि. २४ नोव्हेंबर २००३

सोबत :
१) संघरत्ना मुकेश उबाळे हिच्या प्रवेशपत्राची प्रत
२) धसई ते कल्याण, शनिवारचे एक तिकीट
३) रुमाल जोडलेला नाही. तो रोज लागतो.