अर्धं गोंदण

मारतहळ्ळी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सोयराअक्का हिस,
खंडोजीचा शि. सा. न. वि. वि.

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. आपल्या होसकोट्याच्या गल्लीतली ती हाक, ‘हच्चेऽ, हच्चे’, आणि पाठोपाठ गोंदणाऱ्या बाईच्या पितळी डब्यात खुळखुळणाऱ्या सुया. सदुसष्ट वर्षं झाली. आठवण यायचं कारण मात्र काव्यमय नाही.

आपल्या यशोवर्धनाची हर्षिता लग्न ठरवून आली आहे. मुलगा मंजुनाथ, बेळगावकडचा, घरात मराठी-कानडी दोन्ही. इथवर सरी, सगळं ठीक. पण तो गोंदतो, हाच त्याचा धंदा. चौकात दवाखान्यासारखं काचेचं दुकान आहे. स्वतःच्या हातांवरही मोर, घड्याळ, गलबत. कोपरापर्यंत मी मोजलं, पुढचं शर्टात गेलं.

मी घाईने मत बनवणारा नव्हे. हर्षितानेच मोबाईलवर दिलेला लेख वाचला. गोंदवून घेणारी माणसं सरासरीने उतावळी, धोका पत्करणारी, वेगळेपण मिरवणारी असतात, असं मानसशास्त्रवाले म्हणतात. तरी त्याची परीक्षा घेतली. शाळेतली एखादी कविता म्हणून दाखव म्हटलं, तर डोळे मिटून कानडी कविता थेट शेवटच्या ओळीपर्यंत म्हणाला. मला ते जरा मिरवणंच वाटलं.

यशोवर्धन म्हणतो, अप्पा सांगतील तसं. हर्षिता म्हणते, आजोबा नको म्हणाले तर याच्याशी करणार नाही, आणि मग कुणाशीच करणार नाही. सोळा तारखेला, रविवारी, मुलाकडच्यांना उत्तर द्यायचं आहे. नकार लिहायला घेतला आहे. तुझं मत कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मनातलं ओरडून सांगणं मला जमत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा,
खंडोजी

होसकोटे,
९ फेब्रुवारी

चि. खंडोजीस,
सोयराअक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. सगळं लिहिलंस, बाही मात्र वर केली नाहीस. भर मे महिन्यातही तू पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतोस, ते हर्षिताला ठाऊक नसेल, मला आहे.

गोंदणारी आली त्या दिवशी गोंदवायची पाळी माझी होती. अकरा वर्षांची मी, तुळशीवृंदावन गोंदवायचं म्हणून हात धुऊन बसले होते. आठ वर्षांचा तू मध्येच घुसलास, आधी माझं नाव म्हणून. बाबांनी कोळशाने हातावर अक्षरं काढून दिली. ‘खंड’ झालं, काना-मात्रा आणि ‘जी’ राहिले, तोवर तू भोकाड पसरून पळालास. बाई तुझ्यामागे देवळापर्यंत धावली आणि चिडून तशीच निघून गेली. माझा हात कोरा राहिला. सासूबाईंनी पुढे तेही ऐकवलं.

तेव्हापासून तुझं सगळं ‘खंड’च. कविता दोन कडवी म्हणतोस, तिसऱ्यावर खिडकीबाहेर बघतोस. लेखाचंही तेच. हर्षिता काल आली होती. उरलेला तिने माझ्या कानाशी वाचला. फरक इतका स्वल्प असतो की एका माणसाचा हात बघून त्याचा स्वभाव सांगता येत नाही, आणि बघणारेच मनाशी फार ठरवून टाकतात, असं शेवटी लिहिलं आहे. आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले होते. ती उतावळी असती तर बाबांजवळ बेचाळीस वर्षं टिकली असती का?

तो नकार पुरा करू नकोस. तुला ते अवघड जाणार नाही.

रागावलास तर रागही अर्ध्यावर सोड.
तुझी अक्का

मारतहळ्ळी,
१५ फेब्रुवारी

ती. अक्कास, शि. सा. न.

तुझं पत्र काल आलं. अर्ध्या तासाच्या रस्त्याला टपालाने पाच दिवस घेतले, त्यामुळे मला चिडायला पुरेसा वेळच उरला नाही.

आज बाही वर केली. चौतीस वर्षं मुलांसमोर फळ्यावर लिहिलं, पण ती कधी सरकू दिली नव्हती. शाई हिरवी पडली आहे, ‘खंड’ मात्र अजून सुवाच्य. लेखही शेवटपर्यंत वाचला. तुझं खरं आहे.

आता माझं खरं सांगतो. मंजुनाथाच्या हातांनी मी घाबरलो नव्हतो. तिसऱ्या कडव्याला मी अडलो की पुढची ओळ हर्षिता सांगते. ती गेल्यावर कोण सांगणार? एवढ्यासाठी मी त्या मुलावर मानसशास्त्र घातलं. म्हणून उद्या सकाळी मी त्यांना सांगणार आहे की

बेल वाजते आहे. थांब.

पुढे लिहितो. दारात तू. तीन वर्षं स्वतःच्या घराचा जिना न उतरलेली तू, मंजुनाथाच्या मोरावर हात टेकून उभी. तुझ्या दंडाखाली पारदर्शक पट्टी आणि तिच्या आत काळंभोर, ताजं तुळशीवृंदावन. वय अठ्ठ्याहत्तर. उतावळी, धोका पत्करणारी, मिरवणारी: तिन्ही लक्षणं माझ्या सोफ्यावर बसून पाणी मागताहेत.

आता हे पत्र टाकू कुठे? तू समोरून बघते आहेस आणि म्हणते आहेस, निदान वाक्य तरी पुरं कर. मंजुनाथ विचारतो, अज्जा, राहिलेला काना-मात्रा आणि ‘जी’ घालून देऊ का, स्वल्पच दुखेल. त्याला नको म्हटलं. एवढा खंड असू दे. वाक्य मात्र पुरं करतो.

म्हणून उद्या सकाळी मी त्यांना सांगणार आहे की आमची हर्षिता दिली, पण तिसरं कडवं मंजुनाथाने पाठ करायचं, आणि दर रविवारी येऊन मला सांगायचं.

खंडोजी