पुढचा व्हिडिओ कधी, दादा?

२ नोव्हेंबर, रविवार

पोचले एकदाची! अंबाजोगाईहून एसटीने नाशिक फाटा आणि तिथून उमरमामांनी आणलेल्या टेम्पोतून मोशीच्या पुढे, चिंबळी फाट्याजवळ. मामांचं कासारवाडीत गॅरेज आहे, तरी टेम्पो वाटेत दोनदा बंद पडला. मामांना जराही लाज वाटली नाही. म्हणाले, गिऱ्हाइकाचा आहे, माझा असता तर पडला नसता.

खोली तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. घरमालक अर्जुनराव मामांचे जुने ओळखीचे. आजूबाजूची सगळी जमीन एकेकाळी यांचीच, आता तिथे कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड. मागे एवढासा तुकडा उरलाय, त्यात सोजराबाई काकू मेथी लावतात. मुलगी मुसलमान आहे, चालेल ना, असं मामांनी आधीच विचारलं होतं. तर अर्जुनराव म्हणाले होते म्हणे, "पोरगी ती पोरगी. त्यात काय इचारायचं?"

स्वतःची खोली मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतेय. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. कोणी ओरडलं नाही.

ही डायरी शाहीनने दिली. रोज फोनवर फोटो पाठवू नकोस, लिहून ठेव, आलीस की मी वाचणार, असं बजावलंय धाकटीने. तर शाहीनबाई, वाचा: मी खूश आहे.

यांना एक मुलगी आहे, इंद्रायणी. ती काही बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून फोनचा उजेड तेवढा दिसला.

५ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीचा तिसरा दिवस. गाड्यांत बसवायच्या वायरींचे जुडगे येतात, ते तपासायचे. एखादी पिन वाकडी असली की लाल डब्यात. आमचे सुपरवायझर बुद्धभूषण सर शांत आहेत. म्हणाले, डोळा थकला की सांगायचं, लपवायचं नाही.

फोन गेटवरच्या लॉकरमध्ये जमा करावा लागतो. पहिल्या दिवशी हात सारखा खिशाकडे जात होता. आज कमी. शिफ्ट सुटली की गंमत असते. लाइनवर दिवसभर खिदळणाऱ्या पोरी लॉकरपाशी एकदम गप्प होतात आणि बस भरून निघते तरी कोणी कोणाशी बोलत नाही. मीही त्यातलीच. घर कधी आलं कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज इंद्रायणी वर आली. काकूंनी तिच्या हाती बाजरीची भाकरी आणि मेथी पाठवली होती. एकोणीस वर्षांची आहे, नाकीडोळी छान, पण डोळ्यांखाली काजळ पसरल्यासारखी काळी वर्तुळं. डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलंय. बसली, बोलली, चांगली हसली. माझ्या खिडकीचं कौतुक केलं. पण नजर हातातल्या फोनवर. सारखं खाली ओढायची, काहीतरी आलंय का बघायची, पुन्हा ओढायची.

पाणी प्यायला तिने फोन खाली ठेवला. तेव्हाही तिचा अंगठा हलत होता. हवेतच. तिला ते कळत नव्हतं.

नंतर काकू जिन्यात थांबवून म्हणाल्या, "ती झोपत न्हाई गं. जेवली का इचारलं तर आठवत न्हाई तिला. तू शिकलेली हायेस, तुझं ऐकल." मी हो म्हटलं. उद्यापासून शिफ्टवरून आले की तिला घेऊन मेथीच्या वाफ्यापर्यंत तरी चालायला जाणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज जातोय चालायला. आज तिने स्वतःहून सांगितलं.

तिला मोठा भाऊ होता, रणजीत. उंचावरचे व्हिडिओ करायचा. मोशीकडच्या अर्धवट बांधलेल्या इमारतींवर चढायचा, कठड्यावरून चालायचा, एका पायावर उभा राहायचा. अकाउंटचं नाव 'वरून रणजीत'. आधी गावातली पोरं बघायची, मग कोण कुठली हजारो माणसं. आज याच्यापेक्षा उंच, उद्या त्याच्यापेक्षा. दोन दिवस काही टाकलं नाही की लोक विचारायचे आणि हा बेचैन व्हायचा. मे महिन्यात लाइव्ह चालू असतानाच पडला. फोन मात्र वर कठड्यावर तसाच उभा. साधा चरासुद्धा नाही.

अर्जुनरावांनी अस्थींबरोबर तो फोनही नदीत सोडला.

ती म्हणाली, "ताई, मी बघत होते. घरात बसून. त्याचा पाय एकदा घसरला होता आधी, मला दिसलं. फोन लावायला पायजे होता मी. पण लाइव्ह बंद करावं लागलं असतं ना. मला वाटलं, आता पुढं काय करतोय ते बघू आणि मग लावू."

मी तिचा हात धरला.

खोलीत आल्यावर ते अकाउंट उघडून बघितलं. उघडायला नको होतं. शेवटच्या व्हिडिओखाली अजून लोक लिहितात. काहींना माहीत नसेल, काहींना नक्की माहीत आहे. तरी एकच प्रश्न. पुढचा व्हिडिओ कधी, दादा? पुढचा कधी?

१९ नोव्हेंबर, बुधवार

'वरून रणजीत'वर नवा व्हिडिओ आलाय.

छोटासाच आहे. या घराची गच्ची. दोरीवर कपडे वाळतायत, त्यात माझी पिवळी ओढणी. दुपारची वेळ. मी तेव्हा कंपनीत होते.

इंद्रायणीला विचारलं. मला वाटलं रागावेल, पण ती आनंदली होती. आईची शपथ घेऊन म्हणाली, पासवर्ड फक्त त्यालाच माहीत होता. मग त्याच्या एखाद्या मित्राने गच्चीवर येऊन केलं असेल, असं मी म्हटलं.

व्हिडिओ पुन्हा नीट बघितला. तो गच्चीवर उभं राहून घेतलेला नाही. कठडा समोरून दिसतो, बाहेरच्या बाजूने. त्या बाजूला ना झाड, ना दुसरी इमारत. खाली मेथीचा वाफा आहे. बस.

२३ नोव्हेंबर, रविवार

उमरमामांना बोलावून व्हिडिओ दाखवला. मामांनी गच्चीवर जाऊन सगळीकडून बघितलं. म्हणाले, हल्ली उडते कॅमेरे मिळतात बेटा, कुणातरी टवाळ पोराचं काम आहे. माझा जीव भांड्यात पडला. असंच असणार. अर्जुनरावांना मात्र सांगायचं नाही असं ठरलं. त्या माणसाला आणखी नको.

मामांनी जाताना माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तू झोपत नाहीस का?

झोपते. फक्त आधी एकदा अकाउंट बघते. रोज नवं काहीतरी येतं. काकू भाजी खुडताना. अर्जुनराव पायरीवर बसून भिंतीकडे बघताना. इंद्रायणी केस विंचरताना. सगळं बाहेरून, वरून. बघणारे पुन्हा वाढलेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बुद्धभूषण सरांनी बाजूला घेतलं. माझ्या हातून वाकड्या पिना पास झाल्यात, एक पूर्ण डबा परत आलाय. ओरडले नाहीत. घरी सगळं ठीक आहे का विचारलं. मी ठीक म्हटलं. लाइनवर असतानाही मनात तेच चालू असतं, आता काय आलं असेल. सुटल्यावर लॉकरपाशी सगळ्यांत पुढे मीच असते.

अम्मीला फोन करून किती दिवस झाले?

आजच्या व्हिडिओत मी आहे. माझ्या खिडकीत उभी, फोनमध्ये मान घालून. ज्याने घेतला तो खिडकीच्या इतका जवळ होता की माझ्या पापण्या दिसतायत. मी वर बघितलं असतं तर दिसला असता. व्हिडिओभर मी एकदाही वर बघत नाही.

खाली शेकडो जणांनी लिहिलंय: ही कोण? ही पण चढणार का?

३० नोव्हेंबर, रविवार

आज लाइव्ह लागलं होतं. इंद्रायणी कठड्यावर उभी, पाठमोरी, केस सुटलेले. मी अनवाणी वर धावले. गच्चीवर कोणी नाही. कपडे आणि ऊन. खाली धावले तर ती ओट्याजवळ काकूंबरोबर लसूण सोलत बसलेली. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

फोनवर ती अजून कठड्यावरच होती.

म्हणजे खोटं आहे. कुणीतरी बनवतंय. हल्ली काहीही बनवता येतं. मी तिला दाखवलं आणि तेच समजावलं. ती स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाली, "खोटं न्हाई ताई. उशीर होतोय मला, म्हणून तो करून दाखवतोय."

२ डिसेंबर, मंगळवार

अर्जुनरावांना सगळं सांगितलं. न राहवून. ते म्हणाले की फोन नदीत टाकला तेव्हा तो बुडताना चालू होता. स्क्रीनवर माणसं लिहीत होती. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

इंद्रायणीचा फोन काढून घेतला. ती रडली नाही, भांडली नाही. फोन माझ्या कपाटात आहे, बंद करून, कुलूप लावून. अंगठा तिचा हलतोच आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

फोनशिवाय ती दोन दिवस बरी होती. जेवली. आईच्या मांडीवर झोपली. काकू मला जवळ घेऊन रडल्या, म्हणाल्या, पोरगी परत दिलीस.

मी माझं अकाउंट काढून टाकलं. ॲपही. खूप मोकळं वाटलं.

संध्याकाळी ॲप पुन्हा फोनवर होतं. मी घातलं असेल. आठवत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

कामावर गेले नाही. डोळे जळतात. बुद्धभूषण सरांचा फोन येऊन गेला, उमरमामांचा, शाहीनचा. उचलायचे तर लाइव्ह बंद होतं.

लाइव्ह सारखं चालू आहे. काही घडत नाही त्यात. रिकामी गच्ची. कठडा. तरी हजारो जण बघतायत. मीही. थांबलेत सगळे. कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे, कोणी लिहीत नाही. फक्त तो प्रश्न —

६ डिसेंबर, शनिवार

मामा येणार उद्या. शाहीनने कळवलं त्यांना. मला घेऊन जातो म्हणाले. इंद्रायणीलाही काही दिवस गॅरेजवरच्या घरी ठेवू, मामी आहे. अर्जुनराव तयार आहेत.

उद्या. उद्यापर्यंत फक्त —

जेवले का आज?

७ डिसेंबर, रविवार

मामा निघालेत. कासारवाडी सोडली म्हणाले.

काका-काकू चाकणला गेलेत, कुणाचं तरी लग्न आहे, तासाभरात येतो म्हणाले. इंदू तुझ्यापाशी असू दे. माझ्या कॉटवर झोपवली तिला. मी दाराशी बसलेय. फोन उलटा ठेवलाय. हात कामात राहावा म्हणून लिहितेय.

थरथरला. नाही बघणार.

पुन्हा.

एकदाच बघितलं. लाइव्ह. गच्ची. तीच, पाठमोरी, केस सुटलेले. त्या दिवशीसारखंच. खोटं आहे. तेव्हाही खोटं होतं. ती इथे कॉटवर —

कॉट रिकामी आहे.

दाराशी मीच होते. माझ्या अंगावरून ओलांडून गेली असेल. मी बघत होते. एकदाच म्हटलं मी, पण किती वेळ बघत होते —

तिचा फोन कपाटात. कुलूप तसंच. मग हे कोण घेतंय? बाहेरून. कठड्याच्या पलीकडून. हळूहळू मागे सरकतंय, तिला जागा करून देतंय.

वर पाय वाजले. माझ्या डोक्यावर. खरे पाय. त्या दिवशी वाजले नव्हते.

इंदू — हाक मारली. आवाज निघाला का? फोनमधून ऐकू आला माझाच आवाज, लांबून. ती थांबली. ऐकलं तिने! मान किंचित हलली. पुन्हा हाक मारली तर —

बघणारे वाढतायत. भराभर लिहितायत. नावं वाचता येत नाहीत. त्यात माझं नाव आहे. मी काही लिहिलेलं नाही, माझ्या नावाने लिहिलंय, पुढचा —

जिना समोर आहे. उठायचं. वर जायचं, हात धरायचा, खाली आणायचं. मामा पोचतीलच. उठतेय मी.

तिने एक पाय वर ठेवला.

उठतेय. फोन इथेच ठेवून. ठेवतेय. ती वळतेय आता, इकडे बघेल, चेहरा दिसेल, रडतेय की हसतेय एवढं एकदा बघते आणि लगेच —