टेबलाखालची हजेरी

मी, अर्लिस मार्गारेट ब्रँडवोल्ड, वय चौऱ्याहत्तर, राहणार तीन, क्रीमरी रोड, ऑस्टबी, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गावात असा दाखला न मिळण्याजोगी बरीच मंडळी आहेत, त्यांतली काही पुढील कलमांत भेटतील. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी हे घर पालकशाळेला, म्हणजे याच घरात आम्ही पालकांनी मिळून चालवलेल्या शाळेला, दिले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम एक. माझ्या दफनविधीत कोणीही भाषण करू नये, कोरॅली हॅस्केलने तर नाहीच. तिला बोलायला उभे केले की ती आधी स्वतःच्या मुलाच्या शिष्यवृत्त्या सांगते आणि उरलेल्या वेळात मृताकडे वळते. कॉफी आणि हॅमची सँडविचेस पुरेत. टूना घातलेल्या नूडल्सचा भाजलेला ट्रे कोणी आणलाच तर तो बाहेर पायरीवर ठेवावा. चौतीस वर्षे दर मंगळवारी आणि गुरुवारी पालकशाळेच्या जेवणात मी तो गिळला आहे.

कलम दोन. गावच्या प्राथमिक शाळेला माझा बसचालकाचा निळा कोट. त्या शाळेची बस मी नऊ वर्षे चालवली. १९९१ साली माझा मुलगा नेल्स सात वर्षांचा होता. तो घड्याळे खोलून पुन्हा जोडायचा, पण पेन्सिल त्याच्या हातात राहत नसे, आणि शाळेची घंटा वाजली की कान दाबून किंचाळत सुटायचा. त्याला तपासायला शाळेने एक तज्ज्ञ आणला. गळ्यात टाय आणि डोक्यात भुसा. तो मला म्हणाला, "हे बघा बाई, मूल एकतर हुशार असतं, नाहीतर अडचणीचं असतं. दोन्हीचा मिळून फॉर्म आमच्याकडे नाही." त्याच दुपारी मी नेल्सला शाळेतून काढले आणि सोमवारी शाळेने मला बसवरून काढले. कोट त्यांनी तीनदा परत मागितला, मी दिला नाही. आता न्यावा. तो फॉर्म आतल्या खिशात आहे.

कलम तीन. माझी बँकेतली सर्व शिल्लक, सुतारकामाची हत्यारे आणि भिंतीवरची अकरा घड्याळे नेल्सला. तो डुलुथला चर्चचे ऑर्गन दुरुस्त करतो आणि सुखात आहे. ही बातमी त्याला पत्राने कळवावी, फोन करू नये. घर दुसरीला दिले ते त्याला चालेल का, हे विचारण्याची गरज नाही, मी विचारले आहे. ती कोण, हे कलम पाचमध्ये आहे. तो म्हणाला, "तिलाच दे, आई. हे तू तीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतंस." माझा मुलगा गोड बोलायला कधी शिकला नाही, याचे मला आता बरे वाटते.

कलम चार. कोरॅली हॅस्केल हिला पालकशाळेच्या नियमांची चौकट, काचेसकट. ती का द्यायची हे लिहिले नाही तर ती चौकट बैठकीच्या खोलीत मिरवेल, म्हणून लिहिते.

नेल्सला घरी आणल्यावर अशीच पोळलेली आणखी पाच घरे निघाली. कोणाचे मूल सहाव्या वर्षी बीजगणित करी आणि बुटाची नाडी पाहून रडे, कोणाचे मूल अजिबात बोलत नसे. बंद पडलेल्या लोणी कारखान्यातून मी चौदा फुटी मेपलचे टेबल आणले, ते जेवणघरात मांडले आणि पालकशाळा सुरू झाली. सहा घरांनी मिळून दहा नियम केले. मुलाला सोडून निघून जायचे नाही, एक पालक घरात थांबलाच पाहिजे. शिकवणे आणि भांडी घासणे आळीपाळीने. कोणताही ठराव एकमताने, एक हात खाली राहिला तरी ठराव पडला. आणि चौथा नियम, जो मी स्वतः लिहिला: टेबलाखाली बसलेले मूल वर्गात हजर धरावे.

हा नियम मुख्यतः डॅग्नी वॉससाठी होता. तिची आई मार्लीन चीजच्या कारखान्यात पहाटेची पाळी करून थेट आमच्याकडे येई. डॅग्नी येताक्षणी टेबलाखाली जाई आणि शाळा सुटेपर्यंत तिथेच एकसुरात गुणगुणत बसे. सकाळी आणि दुपारी मी हजेरी घेताना तिचे नाव आले की खालून टेबलाला एक ठोका पडे. मी वहीत लिही, हजर. दोन वर्षे हे असे विनातक्रार चालले.

मग कोरॅलीच्या मुलाला चाचणीत एकशेअठ्ठेचाळीस गुण मिळाले आणि तिचे पाय जमिनीवर राहीनात. बाई मूळची नाकाने कांदे सोलणारी, त्यात हा आकडा. १८ फेब्रुवारी १९९३, गुरुवार. जेवणानंतर मुले बर्फात खेळायला गेली, मार्लीनची भांड्यांची पाळी होती, आणि आम्ही उरलेल्या पाच घरांनी टेबलाभोवती सभा भरवली. कोरॅलीने नियम अकरा मांडला: चाचणीत एकशेतीसच्या खाली गुण असलेल्या मुलाला प्रवेश नाही. डॅग्नीने चाचणीच्या कागदाला हातसुद्धा लावला नव्हता.

कोरॅली म्हणाली, "अगं, तिच्याच भल्याचं बोलतेय मी. तिला इथे झेपत नाही, आणि तिच्या त्या गुणगुणण्यानं आपली मुलं मागे पडतात. कुठेतरी रेघ ओढायलाच हवी ना?"

टाय जाऊन ॲप्रन आला होता, भुसा तोच. अशाच रेघेपायी जी माणसे आपली मुले घेऊन शाळेतून बाहेर पडली, ती दोन वर्षांत स्वतःची पट्टी घेऊन बसली. माझ्या टेबलावर, माझी कॉफी पीत.

चार हात वर झाले. पाचवा माझा होता.

गावात आजवर सगळे धरून चालले की मी भांडले आणि हरले. मी ती समजूत खोडली नाही. खरे असे की हात खाली ठेवला असता तर ठराव तिथेच मेला असता. पण कोरॅलीचा नवरा गणित शिकवी, साऱ्या आठवड्यात नेल्स त्याच एका तासाला शांत बसे, आणि ठराव पडला तर हॅस्केल मंडळी शाळा सोडतील हे तिने आदल्या दिवशी माझ्या कानावर घातले होते. नेल्सला एकशेएकतीस गुण होते. एका गुणाने माझे मूल रेघेच्या आत होते, आणि मी दुसऱ्या बाईच्या मुलीला बाहेर ढकलले. कोरॅलीला मी आयुष्यभर नावे ठेवली. ती निदान जे करत होती ते तिला बरोबर वाटत होते.

कोरॅलीने मोठ्याने सांगितले, "डॅग्नी वॉस बाद, एकमतानं."

तेव्हा टेबलाला खालून एक ठोका पडला.

मुले बाहेर गेली तेव्हा गुणगुणणे थांबले होते, म्हणून खाली वाकून कोणी पाहिलेच नव्हते. नियम चार आमच्या डोक्यावरच भिंतीला टांगलेला होता. नाव ऐकले आणि पोरीने हजेरी दिली. मार्लीन ओल्या हातांनी दारात आली आणि काय ठरले म्हणून विचारू लागली, तेव्हा कोरॅलीने सांगितले. मार्लीनने आमच्या पाचही तोंडांकडे एकेकदा पाहिले आणि ती म्हणाली, "बरं. तुमचे सगळ्यांचे ट्रे धुऊन ठेवलेत. माझा तेवढा नेते."

पुढच्या मंगळवारी हजेरी संपल्यावर नेल्स म्हणाला, "डॅग्नीचं नाव राहिलं." मी म्हणाले, ते लोक दुसरीकडे राहायला गेले. ती मुलगी दीड मैलावर राहत होती.

कलम पाच. हे घर, जमीन आणि मेपलचे टेबल मी डॅग्नी वॉस हिला विनाअट देते. पालकशाळा इथे ठेवायची, हाकलायची, की टेबलाचे सरपण करायचे, हे तिने ठरवावे आणि कारण तिला कोणी विचारू नये. कोरॅलीने दारावर लावायला "प्रज्ञावंत मुलांचे केंद्र" अशी पितळी पाटी आधीच करून घेतल्याचे ऐकते. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. डॅग्नी आता काउंटी रस्त्यावरच्या रोपवाटिकेत काम करते. गेली एकोणीस वर्षे दर मे महिन्यात मी तिच्याकडून जिरेनियमची सहा रोपे घेते. ती कुंड्या वर्तमानपत्रात गुंडाळून देते आणि माझ्या तोंडाकडे कधीच पाहत नाही, बुटांकडे पाहते. त्यावरून ती मला ओळखते, हे मला पक्के ठाऊक आहे. या एकोणीस वर्षांत मला तिची माफी मागता आली नाही. भित्रेपणाला दुसरा शब्द मला सापडत नाही.

कलम सहा. हे मृत्युपत्र त्याच टेबलाशी बसून मोठ्याने वाचावे आणि त्या दिवशी मत दिलेल्यांपैकी जे हयात आहेत त्यांना बोलवावे. डॅग्नीला आणि मार्लीनला विचारावे, आग्रह करू नये. डॅग्नी आली तर तिने खुर्चीवर बसावे की खाली, हे तिचे ती बघेल. वाचण्याआधी माझ्या जुन्या वहीतून हजेरी घ्यावी. १८ फेब्रुवारी १९९३ च्या पानावर दुपारच्या हजेरीत तिच्या नावापुढची जागा इतकी वर्षे कोरी होती. ठोका मी ऐकला होता आणि लिहिला नव्हता. आज शाईने लिहिला आहे: हजर.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझेच आहे.

सही: अर्लिस एम. ब्रँडवोल्ड

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातून काही मिळत नाही आणि आमचा पालकशाळेशी संबंध नाही.

साक्षीदार: रोलंड टेसमर, टपालवाहक
साक्षीदार: आयव्ही कुबियाक, परिचारिका

स्थळ: ऑस्टबी, विस्कॉन्सिन, जेवणघर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार