अंगठ्याचा खळगा

ओरोरू, दक्षिण ऑस्ट्रेलिया
११ एप्रिल १९९४

प्रिय थेल्मा मावशीस,
ग्लेंडाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

उन्हाळा ओसरलाय. चार वाजले की ऊन मिरीच्या झाडातून गाळून व्हरांड्यात येतं आणि बाबांच्या गुडघ्यांवर बसतं. बाबा ते हलवत नाहीत. आई जाऊन नऊ आठवडे झाले, तेव्हापासून ते स्वतःलाच फारसे हलवत नाहीत.

मी शाळेत शिकवून आले की जरा पडते. परवा डोळा लागला आणि स्वप्नात आई रिसोलच्या टिक्क्या तळत होती, माझ्याकडे पाठ करून. चुरचुर ऐकू येत होती. जाग आली तर नळ गळत होता. तरीही उठले, खाटकाकडून कोंबडीचा खिमा आणला आणि रिसोल करायला घेतले. दुधात भिजवलेला पाव, अंडं, किसलेला कांदा, चमचाभर करी पावडर, सगळं तिच्यासारखंच. प्रत्येक टिक्कीच्या मध्ये अंगठ्यानं खळगासुद्धा पाडला, सॉस थांबायला. तव्यावर त्यांचा पार भुगा झाला. बाबा म्हणाले, छान झालंय गं पोरी. मग तो भुगा त्यांनी बटाट्याखाली पुरला आणि उरलेला टेबलाखाली बिस्किटला घातला. कुत्रा तेवढा गुटगुटीत झालाय या घरात.

आता खरी गोष्ट. आमच्या भाऊरायानं, रॉडनीनं, अॅडलेडला एका वृद्धाश्रमात जागा पाहिलीय. त्याचं म्हणणं, बाबा वाळत चाललेत आणि शाळा सांभाळून मी एकटी त्यांचं किती करणार. एक मेला, रविवारी, तो जेवायला येतोय. बाबा असेच न जेवता बसलेले दिसले तर सोबत घेऊन जाईन म्हणतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही पोरं ठरवाल तसं. माझे बाबा असं बोलणारे होते का गं?

या व्हरांड्यावरून उठवलं तर ते टिकणार नाहीत, असं मला वाटतं. म्हणून विचारते, आईच्या हातात असं काय होतं, जे मला येत नाही? लवकर कळव. तुझ्या गुडघ्याला जप आणि माझ्यावर आहे तशीच माया राहू दे.

तुझी,
ग्लेंडा


पेंग्विन, टास्मानिया
१८ एप्रिल १९९४

चि. ग्लेंडास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. गुडघा माझ्यापेक्षा बरा आहे. समुद्रावर धुकं आहे आणि तुझी आई, नोएला, फाटकातून येईल असं मला रोज सकाळी वाटतं, तेव्हा वेडी तू एकटीच नाहीस.

तुझ्या आईच्या हातात काय होतं विचारतेस? काही नव्हतं! लग्न झालं तेव्हा तिला अंडं उकडता येत नव्हतं. आमची आई म्हणायची, हिचा नवरा उपाशी मरेल. पण नवराच आचारी निघाला. हो, तुझा बाप. रेल्वेत लागण्याआधी मर्व्ह लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर हिंडायचा आणि एकट्यानं वीस माणसांचा स्वयंपाक करायचा. रेल्वेतल्या लोकांनी आचारीबाई म्हणून चिडवलं, शिवाय नोएलानं चूल माझी म्हणून बजावलं, तेव्हा त्यानं झारा खाली ठेवला तो कायमचा. पण त्याआधी पहिल्याच आठवड्यात तिला रिसोल शिकवले. तेव्हा ते मटणाचे होते. डॉक्टरांनी मर्व्हचं मटण बंद केलं, त्यानंतर तिनं कोंबडी आणली. कोंबडीचा खिमा ओला असतो, धीर नसला की फुटतो. आणि तुला धीर नाही, हा गुण आमच्याच घराण्यातून आलाय.

आता खळग्याचं ऐक. त्या टोळीत एक म्हातारा होता, त्याला कांदा चालत नसे. त्याच्यापुरत्या दोन टिक्क्या बिनकांद्याच्या, आणि ओळखायला त्यांवर अंगठा. नोएलाला शिकवताना मर्व्हनं सवयीनं एकीवर अंगठा दाबला. तिला वाटलं, सगळी कला त्यातच आहे! तेव्हापासून जन्मभर तिनं कांदा घातलेल्या एकूण एक टिक्कीवर खळगा पाडला, आणि वर सॉस थांबतो म्हणून सगळ्या गावाला शिकवलं. मर्व्हनं तिला कधी सांगितलं नाही. मला मात्र एकदा भांडी पुसताना हसत हसत सांगितलं आणि शपथ घातली, नोएलाला कळता कामा नये. आता ती कळण्यापलीकडे गेली, म्हणून तुला सांगते.

तेव्हा कृती विचारू नकोस. मर्व्हच्या डोळ्यांदेखत तवा न तापवता टिक्की टाक आणि दर मिनिटाला उलट. खिम्याचे हाल बघत बसणारा आचारी मी अजून पाहिलेला नाही.

बिस्किटला कमी घाल. या म्हातारीची आठवण ठेव, म्हणजे पत्र टाकत जा.

तुझी,
थेल्मा मावशी


ओरोरू
३ मे १९९४

प्रिय थेल्मा मावशीस,
ग्लेंडाचा आनंदाचा नमस्कार.

रविवारी रॉडनी उन्हं कलताना आला. हातात वृद्धाश्रमाचे कागद. ते फ्रिजवर ठेवले आणि बाबांचं मनगट असं धरून पाहिलं, जसं आपण बाजारात कोंबडी पाहतो. बाबांनी पाहू दिलं.

मी त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढली, एकटीला करमत नाही म्हणून. मग तू सांगितलंस तसं, थंड तवा, थंड तेल. पहिली टिक्की टाकली, उलटली, पुन्हा उलटली. ती फुटली. दुसरीही फुटली. मावशी, मला ते नाटक करायला फार कष्ट पडले नाहीत, आणि तिसरीच्या वेळी मी खरंच रडत होते.

तेव्हा बाबांनी विचारलं, हे कोंबडीचं करतेयस की कोंबड्यांसाठी. मी वळले तर ते उभे होते. बाही दुमडून नळाखाली हात ओले करत होते. मला बाजूला सरकायला सांगितलं, तवा पुसला, तापू दिला आणि पाण्याचा थेंब टाकून बघितला. टिक्क्या तळहातांत अशा फिरत होत्या की रॉडनी तोंड उघडं टाकून दारातच राहिला. मी उलथनं पुढे केलं तर हातावर चापट मारली. म्हणाले, ओढू नकोस. वेळ झाली की तवाच टिक्की सोडतो, तोवर हात लावायचा नाही. आम्ही तिघं त्या चुरचुरीत उभे राहिलो. माझ्या स्वप्नातलीच चुरचुर होती ती, आणि पाठही होती, फक्त रुंद.

तव्यावर टाकण्याआधी त्यांनी एकेका टिक्कीवर अंगठा दाबला होता. अकराच्या अकरांवर. कांदा सगळ्यांतच होता, मीच किसला होता. मला राहवलं नाही. विचारलं, हा खळगा कशाला. मान वर न करता म्हणाले, सॉस थांबतो त्यात. तुझ्या आईचा शोध आहे तो.

तीन खाल्ल्या त्यांनी, मावशी! वर रॉडनीला दटावलं, की बटाटे कच्चे राहिलेत आणि बहिणीला मदत करायची सोडून मनगटं कसली धरतोस. रॉडनीनं पाच खाल्ल्या. अंधार पडायच्या आत निघाला, एकटाच. जाताना फ्रिजवरचे कागद खिशात कोंबले आणि पुढच्या महिन्यात जेवायला काय असेल, ते हळूच बाबांनाच विचारलं.

हे पत्र टपालात टाकायला बाबा स्वतः निघालेत, टोपी घालून. बिस्किट फाटकात थांबलाय. खळग्याचं गुपित मी माझ्यापाशीच ठेवते. तिकडच्या धुक्यातून जरा मायेची ऊब इकडे धाडत राहा.

तुझी,
ग्लेंडा

(पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने)

थेल्मा, पोरगी खळग्याबद्दल विचारत होती. तू काही बोलली नाहीस ना? बोलली असशील तर एवढंच सांग तिला, की सॉस खरंच थांबतो.
मर्व्ह