मुंढ्याची रेघ

॥ श्री ॥

कांचघर, जबलपूर
२८ सप्टेंबर २०२४

ती. भानुआत्यास,
प्रणालीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, आणि सोबत माझं मागचं पत्रही लाल खुणांसकट परत आलं. एवढे हिंदी शब्द माझ्या हातून गेले असतील असं वाटलं नव्हतं. तुझ्या कानांनी फोनला रजा दिली म्हणून आपण पत्रांवर आलो, असं बाबा सगळ्यांना सांगतात. पण हिंदी शाळेत शिकलेल्या मला मराठी लिहिता येते ती तुझ्या पत्रांमुळेच, तेव्हा खुणा करत राहा.

बाबा मजेत आहेत. रोज सकाळी नर्मदेवर ग्वारीघाटला जातात आणि येताना तिथल्या मंडळींचे सल्ले घेऊन येतात. काळजी आहे ती आईची. तिचा उजवा हात उन्हाळ्यापासून थरथरतो, हे तुला माहीत आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण हात पहिल्यासारखा होईल असं काही म्हणाले नाहीत. कात्री जड असते, टेबलाला टेकून चालते, त्यामुळे ती अजून तिला धरता येते. खडू मात्र हलक्या हातानं धरावा लागतो, आणि तिथंच सगळं बिघडतं. आईनं आयुष्यात कागदाचं कटिंग वापरलं नाही. माप घ्यायचं, समोरच्या बाईकडे एकदा नीट पाहायचं आणि कापडावर एका दमात मुंढा ओढायचा. मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोलवा, तुला कसा सुचतो असं मी विचारलं की ती म्हणते, मला तो कापडावर दिसतो. आता दिसतो, पण ओढता येत नाही. गणपतीपासून तिनं एकही ब्लाउज कापला नाही. हात पदराखाली घेऊन बसून असते.

मी शिवते चांगलं, पण माझा मुंढा काखेत ओढतो. शेजारच्या गल्लीतल्या मोनालीचं लग्न नोव्हेंबर अखेरीस आहे. तिचे सगळे ब्लाउज आपल्याकडे आलेत, पण कटिंग काकूंचंच हवं असं तिनं सांगितलं आहे. हे काम गेलं तर ‘हेमलता लेडीज टेलर’ हा बोर्ड फक्त बोर्ड म्हणून राहील, आणि आईला ते मी कसं सांगू.

म्हणून एक केलं. आईनं कापलेला माझा सगळ्यात छान बसणारा ब्लाउज उसवला, तुकडा तुकडा स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवला. आता तो कागदावर हव्या त्या मापात छापायचा, दोन कागद जोडून. बाहेरच्या दुकानात छापून पाहिला, तर पानात बसवायला म्हणून त्यांनी तो लहानच करून दिला, आणि ओल्या बोटांनी शाई पसरली ती वेगळीच. तेव्हा घरचा प्रिंटर घ्यावा म्हणते. शाईचा स्वस्त पडतो म्हणतात, लेझर महाग. बाबांचं मत असं की जो जड असेल तो टिकाऊ. तू शाळा चालवलीस, तूच सांग.

तुझा लोभ आमच्या वाट्याला असाच येत राहो.

तुझी,
प्रणाली

---

वर्धा
६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रणालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रामला सांग, वजनावर मशीन निवडू नकोस. लहानपणी तो टरबूजही असंच उचलून पाहून आणायचा आणि घरी कापलं की पांढरं निघायचं. बाकी त्याचा उत्साह मला आवडतो, पण त्याच्या हाती पैसे देऊ नकोस.

माझ्या शाळेत शाईचा प्रिंटर होता. रोज काम असेल तोवर त्याच्यासारखा गुणी नाही. पण तो दुभत्या जनावरासारखा आहे, रोज काढलं तर बरं, नाही तर आटतो. उन्हाळ्याच्या सुटीनंतर पहिल्या दिवशी आम्ही निम्मी शाई त्याचं तोंड उघडण्यातच घालवायचो. तुमच्या धंद्याला सुट्या किती, ते तूच बघ. लग्नसराईत श्वास घ्यायला वेळ नाही आणि पितृपक्षात कुत्रंही दारात येत नाही. अशा धंद्याला पडून राहिलं तरी न रुसणारं मशीन हवं. लेझरमध्ये शाई नसते, कोरडी पावडर असते. ती सहा महिने वाट पाहील आणि एक शब्द बोलणार नाही.

मात्र दुकानदार मशीनची किंमत सांगेल तेव्हा मान डोलावू नकोस. पावडरीचा डबा केवढ्याला, तो किती पानं चालतो, आणि तोच डबा पुन्हा भरून देणारा माणूस जबलपुरात आहे का, हे विचार. मशीनसोबत जो डबा देतात तो बहुधा अर्धवट भरलेला असतो, तेव्हा पहिल्याच महिन्यात फसवलं म्हणून रडत बसू नकोस. रंगीत घेऊ नकोस. मुंढ्याला काळी रेघ पुरते. जाड कागद एकेक करून घालायची सोय तेवढी बघून घे.

आता महत्त्वाचं. तू हे सगळं हेमलताला विचारलंस का? तुझ्या पत्रात तिची काळजी पानभर आहे, तिचं मत एका ओळीतही नाही. तू तिच्या हाताच्या जागी मशीन आणते आहेस, पोरी. हेतू चांगला आहे, पण तिला तसं वाटेलच असं नाही.

हात दुखेपर्यंत लिहिलं. तुम्हा सगळ्यांवर माझी माया आहे, ती गृहीत धरून वागा.

तुझी आत्या,
भानुमती

---

कांचघर, जबलपूर
१७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दसऱ्याला मशीन आलं. लेझर, फक्त काळं, तू सांगितलंस तसंच. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानातून घेतलं. त्याच गल्लीत पावडर भरून देणारे पियूष भैया बसतात, त्यांना आधी भेटले आणि मगच दुकानात गेले. दुकानदारानं पाच मशीनं दाखवली, आणि डब्याचं विचारल्यावर त्यांतली तीन त्यानं आपणहून बाजूला सरकवली. तुझी आठवण झाली.

घरी बाबांनी शिवणयंत्रांबरोबर त्याचीही पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि वरून भरभरून अक्षता. पहिला कागद आत गेला तो चुरगळूनच बाहेर आला. पियूष भैयांना बोलावलं. त्यांनी चिमट्यानं तांदळाचे दाणे काढले आणि म्हणाले की दसऱ्याला त्यांचा हाच धंदा असतो, भगवान को बाहर से ही चढ़ाओ.

मग त्यांनी ते मशीन कसं चालतं ते सांगितलं, आणि आत्या, मी थक्क झाले. आत एक गुळगुळीत नळी फिरते. तिच्यावर उजेड लिहितो. आधी काहीच दिसत नाही, पण जिथं उजेड पडला तिथंच पावडर जाऊन चिकटते, आणि बाकीची जागा कोरी राहते. मग ती पावडर नळीवरून कागदावर उतरते, कागद गरम रुळांतून जातो, पावडर वितळते आणि कागदात बसते. धूळ, उजेड आणि ऊब, एवढ्यावर माझ्या आईचा मुंढा उमटतो. पहिलं पान हातात घेतलं तर नुकत्या भाजलेल्या पापडासारखं गरम होतं. ओलं बोट फिरवलं, रेघ हलली नाही. मापपट्टी लावली, एका सुताचाही फरक नाही. मी उगाचच आणखी पानं काढत राहिले, आणि प्रत्येक वेळी तितकंच नवल वाटलं.

आई येऊन उभी राहिली. तिनं रेघ लगेच ओळखली. कोणाच्या ब्लाउजची आहे ते विचारलंसुद्धा नाही. आणखी एक काढ म्हणाली, काढली. दोन्ही कागद खिडकीला एकावर एक धरून पाहिले. मग रेघेवरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, रेघ नव्हती. किती वेळ ती तशीच पाहत होती. मला वाटलं खूश झाली. मग ती म्हणाली की मशीन माझं काम करून राहिली, तर मी काहून बसली इथं, आणि आत निघून गेली.

तू लिहिलं होतंस. मी ऐकलं नाही. आता कागद ठेवून मीच कटिंग करते, ब्लाउज बरा बसतो, आणि आई फक्त इस्त्री करते. इस्त्रीचा हात अजून चालतो, वजनच त्याला धरून ठेवतं. दिवसभर ती इस्त्री करते आणि माझ्याकडे पाहत नाही.

आशीर्वाद असू दे, सध्या तो जरा जास्त लागणार आहे.

तुझी,
प्रणाली

---

कांचघर, जबलपूर
२४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहिते आहे. मी मशीन परत करणार आहे. दुकानदार घेत नसेल तर विकीन.

काल मोनालीच्या शालूवरच्या ब्लाउजचं अस्तर कापायचं होतं. मी कागद टाचण्यांनी लावत होते. आईला टाचणी चालत नाही, रेशमाला भोक पडतं म्हणून ती अस्तरालाही कधी टाचणी लावत नाही. तिनं माझ्या हातून कागद घेतला आणि म्हणाली की इस्त्रीनं दाबला की बसतो कापडावर. छापाचं काळं इस्त्रीला लागेल आणि इस्त्रीचं नवरीच्या रेशमाला, म्हणून तिनं कागद पालथा घातला, छाप खाली आणि कोरी बाजू वर. तिच्यासारखी काळजी घेणारी बाईच हे करू शकते. वरून कडक इस्त्री फिरवली. कागद उचलला तर सगळी रेघ अस्तरावर. पावडर पुन्हा वितळली आणि कापडात जाऊन बसली. मी कागदावर लिहिलेलं ‘मोनाली’सुद्धा उलट्या अक्षरांत उमटलं. साबणानं गेलं नाही, लिंबानं गेलं नाही.

ते अस्तर मोनालीच्या आईनं स्वतः बड्या फुहाऱ्यावरून रंग जुळवून आणलं होतं. मी ओरडले, आत्या. आईवर. म्हणाले की निदान इस्त्री तरी नीट कर. हे शब्द लिहितानाही लाज वाटते. तिनं अस्तर मात्र मला टाकू दिलं नाही. कालपासून ते मांडीवर घेऊन खिडकीत बसली आहे. जेवायला उठली तेवढीच.

हात जोडून,
प्रणाली

---

वर्धा
३ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणालीस,
अ. उ. आ.

दिवाळीचा फराळ पोचला. चकली हेमलताची नाही, हे पहिल्या घासाला कळलं.

मशीन परत करू नकोस, विकूही नकोस. शिवणातलं मला बटण लावण्यापुढे काही येत नाही. पण तुझ्या आईचा रुसवा मी तीस वर्षं पाहते आहे. ती रुसली की भांडी घासते, खिडकीत बसत नाही. एखाद्या गोष्टीत जीव अडकला की बसते. तू त्या कापडावर डाग पाहिलास. ती काय पाहते आहे ते तिला विचारलंस का? आधी जाऊन तिची माफी माग, मग विचार. या क्रमानंच.

माया कमी झालेली नाही, रागावले आहे एवढंच.

आत्या

---

कांचघर, जबलपूर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
प्रणालीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आई खिडकीतच होती, अस्तर घेऊन. मी तिच्या पायाशी बसले आणि माफी मागितली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली की प्रणू, ही पाहा रेघ, हलून नाही राहिली.

मग तिनं मला उठवलं. आणखी एक कागद काढायला सांगितला, नवीन अस्तर पसरलं, कागद पालथा घातला, इस्त्री दाबली आणि हळूच एका कोपऱ्यातून उचलला. कापडावर तिचा मुंढा होता, वर्षानुवर्षं खडूनं ओढायची तसाच, एका दमातला. ना खडू, ना टाचणी. मी म्हटलं की रेघ उलटी उमटते, डाव्याची उजवी होते. ती हसली, किती महिन्यांनी. म्हणाली की ब्लाउजला डावं-उजवं दोन्ही लागते न बेटा, दोन घड्या कापायच्या, त्यात उलटं काय आन् सुलटं काय. रेघ अस्तराच्या आतल्या अंगाला राहते, शिवल्यावर कोणाला दिसतही नाही. मी डाग म्हणून जे धुवत होते, ते तिनं त्याच दिवशी ओळखलं होतं. फक्त मी बोलायला जागा ठेवली नव्हती.

बाबा ग्वारीघाटहून आले ते दारातच थांबले. आईनं उजव्या बाजूची घडी वेगळी घेतली आणि कात्री उचलली. मोठी, लोखंडी, ती टेबलाला टेकवली आणि चालवायला सुरुवात केली. हात थरथरत होता, कात्री स्वतःच्या वजनानं स्थिर होती आणि पुढे रेघ होती. खांद्यावरून ती खाली आली, मुंढ्याच्या वळणावर आली, आणि तिथं तिनं रेघ सोडली. सरळ रेघेच्या आत, जवळजवळ बोटभर. मी ओरडणारच होते. बाबांनी मला दंडाला धरून थांबवलं.

पुरतं कापून झाल्यावर तिनं मला सांगितलं की मोनालीचा उजवा खांदा उतरता आहे, लहानपणी सायकलवरून पडली होती तेव्हापासून. तुझ्या अंगाची रेघ तिला काखेत चोळली असती. रेघ माझीच आहे, म्हणाली, मग ती कुठं सोडायची ते मीच ठरवीन.

काल मोनालीनं ब्लाउज घालून पाहिला. हात वर केले, मागे नेले, आरशासमोर वळून पाहिलं आणि आईच्या गळ्यात पडली. मशीनकडे पाहिलं की मला अजून नवल वाटतं, उजेडानं लिहिणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही. पण त्या वळणावर जे मी पाहिलं, त्याच्यापुढे मला त्या मशीनचंही काही वाटेनासं झालं आहे.

मोनालीच्या बाकी ब्लाउजांची छपाई आणि इस्त्री आईनं माझ्यावर सोपवली आहे. कात्री मात्र मागितली तरी देत नाही.

तुझी माया आमच्या घरावर आहे, तिला कधी घडी पडू देऊ नकोस.

तुझी,
प्रणाली