पुढची डावी स्प्रिंग

प्रिय मारिसेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील. आपल्या घरात पत्र यायचं ते कोर्टाचं, नाहीतर हॉस्पिटलचं. काकू ठीक आहे, गुडघ्याच्या नावाने खडे फोडते, पण ठीक आहे. या आठवड्यात दोन पोती मिरच्या भाजून झाल्या, तुझ्या वाटच्या सोलून फ्रीझरमध्ये ठेवल्यात. हे सगळं मी फोनवरही सांगितलंच होतं. दोन्ही वेळा फोन केला होता तो दुसरंच सांगायला, आणि दोन्ही वेळा मिरच्यांपाशीच गाडी अडली. म्हणून आता गॅरेजच्या बाकावर बसून लिहितोय. कागदाला ग्रीसचे डाग पडलेत, ते चालवून घे.

तुझ्या बापाबद्दल तुझ्याशी अवाक्षर काढायचं नाही, ही तुझी अट. डेन्व्हरला जाताना तू ती घातलीस आणि मी पंधरा वर्षं पाळली. नाताळला तू आमच्याकडे यायचीस तेव्हा तो, माझा धाकटा भाऊ एलॉय, यायचा नाही. तो सव्वीस तारखेला यायचा, तू गेल्यावर. मक्याच्या पानात उकडलेले उरलेले तमाले गरम करून खायचा आणि तू कोणत्या खुर्चीवर बसली होतीस ते काकूला विचारायचा. आज ती अट मी मोडतोय. त्याची फुप्फुसं संपली आहेत. नाकात नळी, शेजारी चाकांवरचा सिलिंडर. हा नाताळ तो बघेल असं डॉक्टर काही म्हणत नाहीत. तू ये, असं मी अजून म्हणत नाही. हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय काही ठरवू नकोस, एवढंच मागतो.

वसंतात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, गाडी खाली बसव, अगदी जमिनीलगत. कोणती ते विचारायची गरजच नव्हती. पिकलेल्या मिरचीच्या रंगाची, दोन दारांची ती चौसष्टची इम्पाला. तू तिचं नाव काढू देत नाहीस, मला कळतं. पण तुझ्या आईला, बर्निसला, ती गाडी फार आवडायची, हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. रविवारी एस्पान्योलाच्या मोठ्या रस्त्याने आपल्या सगळ्यांच्या गाड्या निघायच्या, बैलगाडीच्या चालीने. आपल्याकडे गाडी पळवण्यात नाही, मिरवण्यात मोठेपण. बर्निस खिडकीतून कोपर बाहेर काढून बसायची आणि गाडी अजून का खाली बसत नाही म्हणून एलॉयला छळायची. शेजारच्या गाडीतली बायको आपल्यापेक्षा खाली बसलेली तिला खपायचं नाही. तू मागच्या सीटवर, दोघांच्या मध्ये डोकं खुपसून. तू हे विसरली असशील. मी विसरलो नाही.

तर या उन्हाळ्यात मी ती गाडी खाली बसवली. कशी ते लिहितो, कंटाळू नकोस. पुढे-मागे चारही नव्या स्प्रिंगा घातल्या, मुळातच आखूड आणि कडक घडवलेल्या. पुढची चाकं ज्या तुकड्यावर फिरतात तो बदलून असा घातला, की चाक तेवढंच राहतं आणि गाडी दोन इंच खाली येते. शॉक ॲब्सॉर्बर आखूड मापाचे. पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा आधीपेक्षा जाड, म्हणजे वळणावर गाडी एका अंगाला कलत नाही. आता ती जमिनीपासून चार बोटांवर बसते आणि तरी ट्रुचासच्या उतारावर रूळ घातल्यासारखी येते. मी स्वतः दोनदा आणून पाहिली. त्या वळणावरूनही आणली, रस्त्याकडेला तुझ्या आईच्या नावाने उभा केलेल्या क्रॉसजवळून. क्रॉसला एलॉय दरवर्षी पांढरा रंग देतो. यंदा त्याला वाकता येईना, म्हणून मी दिला.

काम असं करायचं असतं. चाळीस वर्षं मी हेच करतो आणि कोणालाही हेच सांगतो. पण आपल्याकडे एक दुसरी रीत होती, तुझ्या कानावर आली असेल. नव्या स्प्रिंगांची वाट बघायला दम नसला, की गाडी जमिनीवर उभी ठेवायची आणि जुन्या स्प्रिंगेला गॅसच्या टॉर्चची ज्योत लावायची. वेटोळं लाल झालं, की गाडीच्याच वजनाने ते दबतं आणि गाडी खाली येते. अर्ध्या तासाचं काम. पण पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी त्या ज्योतीने उतरतं, आणि मग ती स्प्रिंग स्प्रिंगच राहत नाही. कधी तुटेल सांगता येत नाही. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं. तरी दरीखोऱ्यातल्या अर्ध्या गाड्या अशाच खाली बसलेल्या होत्या, आणि काही झालं नाही तोवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

तू आठ वर्षांची होतीस त्या ईस्टरला एलॉयने मला नव्या स्प्रिंगा घालायला सांगितल्या होत्या. तो तेव्हा लॉस अलामोसला कामाला होता, पहाटे जायचा, अंधार पडल्यावर यायचा. त्याने गाडी माझ्यावर सोपवली, कारण मी थोरला आणि हात माझा चांगला. स्प्रिंगा मागवल्या होत्या, पण त्या आल्या नाहीत. ईस्टरच्या रविवारी सगळ्या गाड्या निघणार, बर्निसने नवा ड्रेस शिवलेला. शनिवारी एलॉयने विचारलं, नव्या बसवल्यास ना? मी हो म्हणालो. खरं तर आदल्या रात्री जुन्यांनाच ज्योत लावून मी गाडी खाली बसवली होती.

सोमवारी नव्या आल्या की गुपचूप बदलणार होतो. त्याच्यासमोर मला ‘जमलं नाही’ असं म्हणायचं नव्हतं, बस. यापेक्षा मोठं कारण मी पंचवीस वर्षं शोधतोय, सापडत नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुला जे सांगितलं गेलं तेच. दुपारी तुझ्या आजोळी जेवण झालं, तुला माझ्याकडे खेळायला ठेवलं होतं. एलॉयने जेवणावर दोन बिअर घेतल्या. दोनच, तुझ्या आजीने मोजल्या होत्या, आणि तीच पुढे कोर्टात तेच सांगून रडली. मग ते दोघं ट्रुचासहून उतरायला लागले. त्या उजव्या वळणावर गाडीचा सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर येतो. गाडी वळलीच नाही, सरळ नाल्यात गेली. तुझी आई गेली, एलॉयचं कंबरेचं हाड मोडलं. प्यायलेला नवरा, ईस्टरचा दिवस, मेलेली बायको. गावाला याहून जास्त काही लागत नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी माझ्या अंगणात आणून टाकली. घरात लोक डबे घेऊन येत होते, काकू तुझे केस विंचरत होती. मी बाहेर जाऊन डाव्या चाकामागे हात घातला. स्प्रिंगेचे दोन तुकडे झाले होते, आणि तुटल्या जागी ज्योतीचा निळा डाग होता. वरचा पत्रा टायरवर बसला होता. त्या अवस्थेत जगातल्या कोणालाही ते चाक वळवता आलं नसतं. मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि हात धुवून घरात आलो. एलॉयच्या वकिलाने मला मेकॅनिक म्हणून विचारलं, गाडीत काही दोष होता का. मी म्हणालो, गाडी ठणठणीत होती. एलॉयने कोर्टात गुन्हा कबूल केला, म्हणून गाडी कोणी उघडून पाहिलीच नाही. तो तीन वर्षं आत गेला आणि तू माझ्या घरी वाढलीस.

सुटून आल्यावर त्याने ती गाडी आपल्या शेडमध्ये नेली. वर्षानुवर्षं एकट्याने तिचा पत्रा ठोकला, रंग चढवला, सीटा शिवून घेतल्या. पुढच्या डाव्या चाकाला मात्र त्याने हात लावला नाही. ते चाक तू कर, असं तो मला म्हणायचा. दर एक-दोन वर्षांनी म्हणायचा. मी कधी वेळ नाही म्हणालो, कधी पाठ दुखते म्हणालो. मला वाटायचं, तुरुंगात राहून आला, कमरेत जोर नाही, म्हणून अवघड काम माझ्या गळ्यात टाकतोय. मी इतका मूर्ख असेन असं तुला वाटत नसेल, पण होतो.

जुलैत अखेर मी गाडी जॅकवर घेतली. तो सिलिंडर ओढत आला आणि खुर्ची टाकून बसला. मी चाक काढलं, तुकडे बाहेर काढून बाकावर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, हातातल्या पान्याकडे बघत बोललो.

तो म्हणाला, “माहीत आहे मला.”

केव्हापासून, मी विचारलं.

“त्या वळणावरच. डावा कोपरा खाली बसला आणि स्टिअरिंग हलेना, तेव्हाच.”

मग कोर्टात का बोलला नाहीस, असं मी ओरडलोच त्याच्यावर. त्याचा दम पुरेना, म्हणून त्याने आधी सिलिंडरची चावी थोडी वाढवली. मग तो म्हणाला, “पोरगी तुझ्या घरात झोपत होती, फिली. आई गेली, बाप मोडका. उद्या तुझाही तिला राग आला असता, तर ती कोणाचं बोट धरून शाळेत गेली असती?”

मी पान्यासकट तिथेच जमिनीवर बसलो. लहान मूल रडावं तसा रडलो, लाज सोडून.  तो म्हणाला, ऊठ, आणि या वेळी नट नीट आवळ. आणि मग त्याने मला शपथ घातली, की हे तुला कधीही सांगायचं नाही. तिचं एक तरी माणूस शाबूत राहू दे, म्हणाला.

मी शपथ घेतली, आणि आता मोडतोय. तुझ्या पदवीच्या दिवशी तू मला मिठी मारून म्हणाली होतीस, माझे खरे वडील तुम्हीच, आणि मी ते ऐकून घेतलं होतं. तेव्हा एलॉय रस्त्यापलीकडे माझ्याच गाडीत बसून होता. तुझ्या आईला त्याने मारलं नाही. मी मारलं, आणि तुलाही त्याच्यापासून मीच घेतलं. हे वाचून तू मला टाकशील. टाक. मला त्याची भीती वाटते, खोटं कशाला सांगू, इतकी की दोन महिने हे पत्र लिहिलं गेलं नाही, आणि त्या दोन महिन्यांत त्याचा सिलिंडर लहानाचा मोठा झाला. हे टपालात टाकून आलो की काकूला सांगणार आहे. तिलाही ठाऊक नाही. तू आलीस तर आमच्या घरावरून येऊ नकोस, चिमायोचा वरचा रस्ता धर आणि सरळ त्याच्याकडे जा. आपण तुझ्यासाठी काही केलं असं त्याला वाटत नाही, त्यामुळे तो काही सांगणार नाही. बोलायला तुलाच लागेल.

तुझा म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुझ्यावर सोडलेला,
फिलिबेर्तो