संदर्भसूचीतली आडवी रेघ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा प्रबंधांचे टंकलेखन व मांडणी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने टंकून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मजकुरात कोणाचेही नाव घातलेले नाही. सर्व नावे व पत्ते परिशिष्टात वर्णक्रमाने आहेत. चाळीस वर्षे लोकांना शिस्त शिकवली, आता शेवटच्या कागदावर मीच मोडली तर हसतील.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दोनदा करायला बसलो होतो. दोन्ही वेळा कलम पाचपाशी येऊन उठलो.

२. दुकान व त्यावरच्या दोन खोल्या यांत वहिनी, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी, हयातभर राहतील. त्यांच्या पश्चात सर्व माझ्या मुलीचे. खिडकीजवळचे वहिनींचे टेबल जागचे हलवू नये. मुलीने "काकू, चला आता माझ्याकडे" असा लकडा लावू नये. त्यांना जायचे असेल तर त्या स्वतः सांगतील, त्यांना तोंड आहे.

३. बँकेतली शिल्लक मुलीची. तिच्या शिक्षणाच्या वेळी मी हात आखडता घेतला, हे ती विसरलेली नाही. बरोबरच आहे तिचे.

४. हत्यारे. जुना टाइपरायटर आमचे प्रबंध बांधणाऱ्या बाइंडरला द्यावा. तीस वर्षे तो त्यासाठी माझ्या मागे लागला होता, मी दाद दिली नाही. आता घेऊन जा, लेका, आणि त्याला तेल घालत जा.

माझी पोलादी पट्टी विद्यापीठाच्या प्रबंध विभागातल्या कारकुनाला द्यावी. एका मुलीचा प्रबंध त्याने डावा समास सूतभर कमी म्हणून तीनदा परत पाठवला. तिसऱ्या वेळी ती दुकानात येऊन ढसाढसा रडली. समास बरोबर होता. कारकुनाची लाकडी पट्टीच टोकाला झिजलेली होती. मी त्याच्या खिडकीशी जाऊन मोजून पाहिले, तर म्हणाला, "पट्टी सरकारी आहे." ही खाजगी आहे, पण पुरी आहे.

५. हे कलम मिळकतीचे नाही.

संदर्भसूचीत एकाच लेखकाच्या दोन नोंदी लागोपाठ आल्या की दुसऱ्या नोंदीत नाव पुन्हा लिहीत नाहीत. नावाच्या जागी आडवी रेघ मारतात. रेघेचा अर्थ, लेखक वरचाच.

भाऊ गेल्यावर वहिनींनी सहा वर्षे विहिरींची पाणीपातळी मोजली. दोर, दगड आणि वही घेऊन उन्हातान्हात हिंडल्या. त्यावर दोन लेख लिहिले. दुसरा मोठा होता. त्याच्या जोरावर त्यांना महाविद्यालयात नोकरी मिळायची होती. एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाच्या सूचीत दोन्ही लेख दिले. तो प्रबंध मी टंकला. माझा पहिलाच. सूची एका ओळीने पुढच्या पानावर गेली, तेव्हा विद्यार्थी म्हणाला, "पहिला लेख काढा हो, मी तो वापरलाच नाही." मी पान पुन्हा टंकले आणि नावासकट पहिली नोंद गाळली. दुसरीतली रेघ तशीच राहिली. तिच्या वर आता विभागप्रमुख सरांचे पुस्तक होते. वहिनींचे सहा वर्षांचे काम माझ्या हातून सरांच्या नावावर गेले.

दोन महिन्यांनी मुलाखतीत कोणीतरी तो प्रबंध वहिनींपुढे उघडून धरला. "बाई, हे तर सरांचं काम. तुम्ही उतरवलंत की काय?" सर समोरच बसले होते. ते गप्प राहिले. वहिनी घरी आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, मला चोर म्हणाले हो."

त्याच दिवशी मी कार्बन प्रत काढून पाहिली. पान १४७. एक शुद्धिपत्र चिकटवले असते तर सगळे निस्तरले असते. पण दुकान नवे होते, आणि विभागाचे सगळे प्रबंध सर माझ्याकडे धाडत होते. मी प्रत कपाटात ठेवून कुलूप लावले. सर आता नाहीत. त्यांच्यावर ढकलून मोकळे व्हावे असे पुष्कळदा मनात आले. ते गप्प बसले हे खरे, पण मीही बसलो, आणि मी घरचा होतो.

पुढे लोकांनी मूळ लेख न पाहता सूचीवरून सूची उतरवली. आणखी एकोणीस प्रबंधांत तो लेख सरांच्या नावाने आला. त्यांतले अकरा मी टंकले, आणि अकराही वहिनींनी तपासले. कारण नोकरी हुकल्यावर त्या माझ्याच दुकानात, त्या खिडकीपाशी बसून, इतरांच्या सूच्या तपासू लागल्या. स्वल्पविराम सुटला तरी लाल खूण करायच्या. त्या नोंदीवर कधी खूण आली नाही. नजरेतून सुटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो.

तरी माझ्या मृत्यूनंतर, हे वीस प्रबंध जिथे जिथे आहेत त्या ग्रंथालयांना सोबतची शुद्धिपत्रे पाठवावीत. कार्बन प्रत वहिनींच्या हाती द्यावी. मी भित्रा होतो. वहिनी, मला फार वाईट वाटते. रोज वाटत आले आहे.

६. वहिनी खिडकीपाशी बसू लागल्यापासून या दुकानातून एकही कागद त्यांच्या तपासणीशिवाय बाहेर गेलेला नाही. हाही जाणार नाही. आज सकाळी, सह्या होण्याआधी, तो त्यांच्या टेबलावर ठेवत आहे.

(समासात, लाल शाईने, वहिनींच्या अक्षरात:)

कलम ५. पान १४७ तुमच्या कार्बन प्रतीत. ग्रंथालयातल्या प्रतीत सुरुवातीला एक पान वाढवून आकडे हाताने बदललेत, तिथे ते १४८ आहे. मुलाखतीनंतर आठवड्याच्या आत मी जाऊन पाहिलं होतं. मशीन तुमचं, ते ओळखलंच. त्याचा 'र' तेव्हाही वर उडायचा. घर सोडून जायला दुसरी जागा नव्हती. त्या नोंदीवरची खूण तुम्ही करायची, म्हणून मी दर वेळी सोडत गेले. आज बोलतील, उद्या बोलतील, करता करता म्हातारी झाले. माफीचं मला इतक्यात काही सांगता येणार नाही. पण 'माझ्या मृत्यूनंतर' हे आधी खोडा. मी एक्याऐंशीची आहे, भाऊजी. तुमच्या मरणाची वाट बघत बसू का? पाकिटांवर पत्ते मी घालते. बाकी बरोबर.

खाडाखोडीची नोंद: कलम ५ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आहेत. त्या जागी 'उद्या' असे वाचावे. खाडाखोड माझी, मला मान्य.

लिहून ठेवणार: सही (परिशिष्ट, नोंद ४)

साक्षीदार: १. डॉक्टर, सही (नोंद २). २. समोरचे चष्मेवाले, ज्यांनी आम्हा दोघांचे चष्मे केले, सही (नोंद १).

स्थळ: दुकान, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ मार्च, सकाळी साडेअकरा